पाकिटाचे नऊ दिवस

३ मार्च

ताई,

काल दुपारी सव्वातीन वाजता माझं सगळं बदललं. वेळ इतकी नेमकी सांगतोय कारण तेव्हा मी घड्याळाकडे बघत होतो. तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती. मेण लावलेल्या दोऱ्याचं रीळ देताना मी शिवणवालीचा हात धरला. क्षणभर. तू तोंड वाकडं करशील म्हणून पुन्हा लिहितो, क्षणभरच. तिनं असा हिसका मारला की रीळ टेबलाखाली गेलं. वर म्हणाली, "हात लावू नकोस मला." सगळ्या कारखान्यासमोर! कटाईवाले काका तर चष्मा पुसून बघायला लागले.

फोन करू नकोस, लागणार नाही. घरी येऊन तो मी भिंतीवर मारला. भिंतीला काही झालं नाही.

तिच्याबद्दल मागच्या पत्रात लिहिलं होतं. आमच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात ती फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, शिवते. जुनी रजिस्टरं, ग्रंथालयांची फाटकी पुस्तकं, मोडलेला कुठलाही कणा तिच्या हातून ताठ होतो. मी पुठ्ठे कापतो आणि खळ लावतो. कॉलेज अर्धवट टाकून मला एवढंच जमलं, असं बाबा म्हणतात. म्हणजे आईला म्हणतात. माझ्याशी बोलणं त्यांनी टाकलंयच.

तिच्या आयुष्यात दुसरा कुणीतरी आहे, ताई. मला खात्री आहे. महिनाभर बघतोय. पापण्यांना जांभळट रंग लावून येते, पूर्वी काजळसुद्धा लावत नव्हती. दुर्मिळ पुस्तकांसाठी ठेवलेले पांढरे सुती हातमोजे आता साध्या वह्या शिवतानाही घालते, म्हणजे माझं बोटसुद्धा लागायला नको. डबा उघडते, दोन घास खाते आणि झाकण लावते. तोंड आलंय म्हणे. प्रेमात पडलेल्याची भूक कशी मरते ते मला कुणी शिकवू नये. केस विरळ झालेत, ते झाकायला नव्या तऱ्हेनं बांधते. आणि तळघरातून वर येताना जिन्यात मध्येच थांबून फोन बघते. बावीस पायऱ्यांमध्ये दोनदा! इतके कुणाचे निरोप येतात?

मी काय करू ते सांग. नोकरी सोडू का?

तुझा,
जळालेला

६ मार्च

प्रिय दीडशहाण्या,

नोकरी सोडू नकोस. सोडायला आता तुझ्याकडे उरलंय तरी काय? आणि विचारल्याशिवाय कुणाचा हात धरायचा नाही, क्षणभरही नाही. आधी जाऊन माफी माग. बाकीचं नंतर वाच.

मागितलीस? आता ऐक. तुझं पत्र मी प्रेमपत्र म्हणून वाचायला घेतलं आणि केसपेपर म्हणून खाली ठेवलं. मी डॉक्टर नाही. पण माणसाचं शरीर स्वतःवरच उलटलं की रक्तात ज्या अँटिबॉडी तयार होतात त्या शोधणाऱ्या प्रयोगशाळेत सोळा वर्षं काढलीत. जांभळट पापण्या, तोंडातले फोड, विरळ केस, हात लागला की कळ, जिन्यात थांबणं. यातल्या एकेका गोष्टीला शंभर साधी कारणं असतात. सगळ्या एकाच मुलीला, एकाच महिन्यात झाल्या तर मला खुर्चीत स्वस्थ बसवत नाही.

तिला नीट विचार. तो रंग धुतल्यावर जातो का? तळहातावर काही आलंय का? थांबते ती फोन बघायला, की फोन बघते ते थांबायला?

डोळे तुझे आहेत, महिनाभर रोखून बसलायस. जरा कामाला लाव.

ताई

९ मार्च

ताई,

माफी मागितली. खालमानेनं, ती दोरा कापत असताना. ती म्हणाली, "अरे, राग नाही आला. दुखलं." मग तिनं हातमोजे काढले.

ताई, मी ते हात रोज आठवतो आणि ते मला माहीतच नव्हते. तळहाताच्या रेघांत आणि बोटांच्या घड्यांत लालसर बारीक गाठी आहेत. दाबल्या की तिचा श्वास अडकतो. बोटांच्या कडा भेगाळल्यात. एका पेरावर तर खड्डा पडलाय, भरतच नाही. पापण्यांचा रंग धुतला तरी जात नाही. आणि हो, ती थांबते म्हणूनच फोन बघते. "कुणी विचारू नये म्हणून," म्हणाली.

त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊन आलीय. त्यांनी विचारलं काय काम करता, ही म्हणाली पुस्तकं बांधते, झालं! सरसाची आणि खळीची अ‍ॅलर्जी. मलमाची ट्यूब. हे ऐकल्यावर माझं डोकं फिरलं आणि मी सरसाचं आख्खं पातेलं गटारात ओतलं. मालक वरून ओरडले, "अरे, गटाराची बांधणी करतोस काय?" मला घरी पाठवलं आणि उद्या डोकं घेऊन ये म्हणाले.

घरी चालत जाताना माझ्या लक्षात आलं. शिवणारं माणूस खळीला हातच लावत नाही! शिलाई होऊन, दाबाखालून निघून मग पुस्तक माझ्याकडे येतं. खळ मी लावतो, सरस मी लावतो, दिवसभर कोपरापर्यंत. आणि माझे हात लोण्यासारखे आहेत. बाहेरच्या माणसाला बांधणी म्हणजे सगळं एकच वाटतं. डॉक्टरांनाही वाटलं, आणि तिनंही समजावून सांगितलं नाही.

पण आता चांगली बातमी. त्यांनी खबरदारी म्हणून रक्तही तपासलं होतं. एएनए नावाची तपासणी निगेटिव्ह, स्नायूंचं एन्झाइम नॉर्मल. म्हणजे तुझ्या त्या अँटिबॉडीबिटिबॉडी काही नाहीत. उगाच जीव टांगणीला लावलास.

तुझा,
हलका झालेला

१२ मार्च

बाळा,

तू हलका झालास तिथेच मी जड झाले. नीट वाच.

पेशी म्हणजे तुमचा कारखाना समज. एएनए ही तपासणी मुख्यतः मालकाच्या खोलीत, म्हणजे पेशीच्या केंद्रकात डोकावते. तिथे गडबड नसेल तर निगेटिव्ह. पण काही अँटिबॉडी ज्याच्यावर डूख धरून असतात ते प्रथिन बाहेरच्या दालनात असतं. खोली रिकामी दिसली म्हणून कारखान्यात भांडण नाही असं होत नाही.

स्नायू आणि त्वचा सुजवणाऱ्या या दुखण्याचं नाव डर्माटोमायोसायटिस. नाव एक, तऱ्हा अनेक, आणि कुठली तऱ्हा ते बऱ्याचदा अँटिबॉडी सांगते. एक असते ती त्वचेवर ठसठशीत दिसते, पण औषधाला बहुधा चांगली दाद देते. एक निघाली, आणि माणूस वयस्क असला, तर डॉक्टर कुठे कर्करोग लपलाय का ते शोधतात. एकीत त्वचेखाली खडूसारखे खडे जमतात. आणि एक आहे, एमडीए-फाइव्ह. ती स्नायूंना बऱ्याचदा फारसा हात लावत नाही, म्हणून एन्झाइम नॉर्मल. तळहातावर दुखऱ्या गाठी आणते, पेरांवर जखमा करते. आणि काहींच्या बाबतीत काही आठवड्यांत फुप्फुसात शिरते.

मी चुकत असले तर तुमच्या कारखान्यात येऊन सगळ्यांसमोर कान पकडीन. पण तुझं पत्र मी आमच्या मोठ्या सरांना दाखवलं (प्रेमाचा भाग झाकून). तुमच्या गावात संधिवाताच्या एक डॉक्टरबाई आहेत, सरांची जुनी विद्यार्थिनी. त्यांच्यासाठी सरांनी चिठ्ठी लिहिलीय, सोबतच्या सीलबंद पाकिटात आहे. ते शिवणवालीच्या हातात दे. मिळेल त्या दिवशी दे. ते घेऊन गेली की बाई तिला रांगेत बसवणार नाहीत.

घाबरवू नकोस. रेंगाळूही नकोस.

ताई

१५ मार्च

ताई,

पत्र मिळालं. पाकीट दिलं. कामाचा ढीग आहे, न्यायालयाची चाळीस रजिस्टरं आलीत. कटाईवाल्या काकांचा अंगठा कापला. आईचा गुडघा तसाच. बाकी ठीक.

१८ मार्च

अरे,

कोण रे तू? माझा भाऊ चार पानांच्या आत कधी थांबत नाही. कॉलेज सोडलंस तेव्हा अकरा पानं लिहिली होतीस, त्यातली सहा प्राचार्यांच्या मिशीवर.

बाई काय म्हणाल्या? छातीचा सीटी सांगितला का? रक्त पुढच्या तपासणीला पाठवलं का? ती जिना चढते कशी? एवढं तरी कळव. हवं तर मालकांच्या फोनवरून कर.

ताई

२३ मार्च

ताई,

आज ती बाईंकडे गेली. भेटीची वेळच आजची मिळाली.

मी आणि तिचा दादा बरोबर होतो. बाईंनी पाकीट उभ्याउभ्याच वाचलं. चष्मा वर केला, तिचे हात उलटेपालटे करून बघितले, छाती बराच वेळ तपासली. मग बोटाला रक्तातला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला आणि म्हणाल्या, "या लांबलचक व्हरांड्यातून तीन फेऱ्या मारून या, माझ्याशी गप्पा मारत." दुसऱ्या फेरीत ती गप्प झाली. एरवीची एवढी बडबडी, ताई! ती बोलायची थांबत नाही म्हणून मालक तिला पलीकडच्या टेबलावर बसवतात. चिमट्यावरचा आकडा घसरला. बाईंनी तिला खुर्ची दिली आणि दादाला विचारलं, "कपडे आणलेत का? नाही? मग कुणीतरी आणा. घरी जायचं नाही."

दादानं विचारलं, "डॉक्टर, हाताच्या भेगांसाठी भरती?" बाई म्हणाल्या, "हातांनी निरोप आणलाय हो. काम आत चाललंय."

रक्ताची नळी तुमच्याकडे निघालीय. तू बघशील ना? तूच बघ. आणि दिसलं की मला सांग. बाईंच्या आधी सांग. इथे व्हरांड्यात बसून माझी नखं संपली. तुला माझी शपथ आहे.

२७ मार्च

बाळा,

तुझ्या शपथा मी तू पाच वर्षांचा असल्यापासून मोडत आलेय.

नळी आली. तपासणी कशी होते ते सांगते, म्हणजे तुला काहीतरी वाचायला मिळेल. काडीएवढी अरुंद पट्टी असते. तिच्यावर ओळीनं वेगवेगळी प्रथिनं बसवलेली असतात. रुग्णाच्या रक्तातलं पाणी तिच्यावर फिरवायचं, धुवायचं, रंग चढवायचा. ज्या प्रथिनाशी रक्ताचं वैर असेल तिथे रेघ उमटते. फिकट रेघेवर लगेच विश्वास ठेवायचा नाही, ती निरोगी माणसाच्या पट्टीवरही दिसते. म्हणून आमच्याकडे दोघीजणी वेगवेगळं वाचतात, एकमेकींना न सांगता, आणि मग रुग्णाच्या लक्षणांशी जुळतं का ते सर बघतात.

तिची पट्टी मी वाचली. काय दिसलं ते तुला सांगणार नाही. ते रक्त तिचं आहे, तेव्हा बातमीही तिचीच. बाईंना तासाभरात कळवलंय. त्या पट्टीसाठी थांबल्या नाहीत, औषधं आधीच सुरू केलीत, हे ऐकून बरं वाटलं.

अजून एक. सर बाईंशी फोनवर बोलत होते, मी शेजारीच होते. बाई म्हणाल्या, असल्या चिठ्ठीवर मी कुणालाही त्याच दिवशी बघते. भेटीची वेळ आठवडाभर लांबवलेली त्यांना आठवत नाही.

मी काही विचारत नाही. तूच सांगशील.

ताई

२ एप्रिल

ताई,

एमडीए-फाइव्ह. रेघ चांगली काळी होती, असं बाईंनी तिला सांगितलं आणि तिनं मला. सीटीमध्ये दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी काचेवर वाफ धरावी तसं दिसतंय. एकदम तीन औषधं चालू आहेत. नाकात प्राणवायूची नळी आहे. परवापासून वायू थोडा कमी केलाय. बाई म्हणतात, "सुधारणा आहे. पण मला अजून हसायला लावू नका."

आता जे लिहितोय ते वाचून तू माझं नाव टाकशील.

पाकीट चौदा तारखेलाच आलं होतं. सदऱ्याच्या खिशात घालून मी कारखान्यात गेलो. ती आधीच माझी वाट बघत उभी होती. मला वाटलं, आज काहीतरी चांगलं होणार. ती म्हणाली, "सगळ्यांच्या आधी तुला सांगतेय." दूरच्या शहरात जुन्या कागदपत्रांचं मोठं संग्रहालय आहे, तिथे दुरुस्ती विभागात तिला जागा मिळाली होती. एक तारखेला निघणार होती. हसत होती, ताई. मला सोडून जायचं सांगताना हसत होती.

मी म्हणालो, "जा की. अडवलंय कुणी?" ती म्हणाली, "असं काय करतोस?" मी पुठ्ठे कापायला लागलो. पाकीट खिशातच राहिलं.

पहिले तीन दिवस नुसता रुसवा होता. मनात म्हणायचो, जातेच आहे ना, मग बघेल तिचं ती. चौथ्या दिवशी राग उतरला, तेव्हा लाज वाटली. देताना सांगू काय, तीन दिवस कुठे होतं? पाचव्या दिवशी पाच दिवसांचं उत्तर द्यायला लागलं असतं. रोज सकाळी ठरवायचो आणि रोज ते एका दिवसानं जड व्हायचं. तेवीसला सकाळी ती जिन्यात बसलेली दिसली. फोन बघण्याचं सोंगही नव्हतं, नुसती बसलेली. मी पाकीट काढलं आणि म्हणालो, "आत्ताच आलं. पोस्टानं उशीर केला." तिनं पोस्टाला दोन शिव्या दिल्या आणि मला म्हणाली, "किती धावपळ करतोस माझ्यासाठी."

आता तिचा दादा मला मिठी मारतो. वॉर्डातल्या नर्सबाईंना सांगतो, "ह्यानं वाचवलं." आणि काल तिनं नळीमागून म्हटलं, "तू नसतास तर मी मलम चोळत बसले असते. त्या दिवशी हिसका मारला ना मी? आज धर." आणि हात पुढे केला, पट्टी बांधलेला.

मी धरला नाही. बाईंनी संसर्गाला जपायला सांगितलंय, असं म्हणालो. त्यांनी सांगितलंय ते खरंच आहे. मी हात धुतले होते, मुखपट्टीही होती, ते तिला दिसत होतं.

मला दोनच गोष्टी सांग. त्या नऊ दिवसांत तिच्या आत काय झालं असेल? आणि मी गप्प राहिलो तर कुणाचं काय बिघडतं? ती बरी होतेय. मी तिला जन्मभर सांभाळीन.

५ एप्रिल

तुझं नाव टाकलं नाही. दोन दिवस टाकावंसं मात्र वाटत होतं.

पहिल्याचं उत्तर: कुणालाही सांगता येणार नाही. चौदाला काढलेला सीटी स्वच्छ निघाला असता, किंवा अगदी असाच निघाला असता. कुणी तुला "काही फरक पडला नाही" म्हणालं तर तो तुझं मन राखतोय. "तूच केलंस" म्हणालं तर तेही त्याला माहीत नाही. तुला हे न कळलेलंच घेऊन राहायचंय.

दुसऱ्याचं: तिचं बिघडतं. ती हात पुढे करतेय तो कुणाला? धावपळ करणाऱ्या मुलाला. तो मुलगा त्या नऊ दिवसांत नव्हता. ती कोणाच्या हातात हात देतेय ते न कळता तिनं तो द्यायचा? आणि जन्मभर सांभाळण्याचं म्हणशील तर त्यात तिला विचारलंयस कुठे? तू तर तिची नोकरीही मनातल्या मनात रद्द करून टाकलीस. तुझ्या पत्रात त्या नोकरीचं पुढे काय झालं याची एक ओळ नाही.

माझीही चूक लिहिते, कारण तुझ्या एकट्याच्या डोक्यावर सगळं ओतणं मला पटत नाही. तुमच्या कारखान्याचा फोन नंबर मला शोधता आला असता. पाच मिनिटांचं काम. मी ते पाकीट तुझ्या हाती दिलं, कारण मला वाटलं, एवढा प्रेमात आहे, धावत जाईल. माझ्या डोक्यात आलंच नाही की प्रेमात आहेस म्हणूनच थांबशील.

माफीबद्दल मला विचारू नकोस. ती माझ्याकडे नाही.

ताई

८ एप्रिल

ताई,

काल दिवसभर तिला नळीशिवाय बसवलं. आकडा टिकला. बाई हसल्या नाहीत, पण जाताना तिच्या गालाला चापट मारून गेल्या.

नोकरीचं विचारलं. संग्रहालयानं कळवलंय, बरी होईपर्यंत जागा राखून ठेवू. उत्तर तिला स्वतःच लिहायचं होतं, पण बोटात पेन धरवत नाही. म्हणाली, तू लिही, तुझं अक्षर बरं आहे. तिनं सांगितलं, मी लिहिलं, "मी नक्की येईन." 'नक्की' खाली तिनं मला रेघ मारायला लावली. मी मारली.

तेव्हाच सांगणार होतो. दादा फळं घेऊन आला आणि पुन्हा सगळ्या वॉर्डाला माझी ओळख करून देऊ लागला. मी तोंड उघडलं आणि एक फोड खाल्ली.

आज दादा कामावर आहे. भेटीची वेळ चार ते पाच. ती एकटी असेल.

काय बोलायचं ते कागदावर काढलंय. आधी दोन पानं झाली होती. त्यात बाबा होते, कॉलेज होतं, माझा स्वभाव होता. सगळं फाडलं. आता तीन वाक्यं आहेत. पाकीट चौदा तारखेलाच आलं होतं. तू जाणार म्हणालीस म्हणून मी ते नऊ दिवस खिशात ठेवलं. पोस्टाचा काही दोष नाही.

चौथं वाक्य होतं, "पण माझं तुझ्यावर प्रेम आहे." ते खोडलं. त्या तिन्हींच्या शेजारी ते उभं राहिलं की लाच दिल्यासारखं वाटत होतं.

ती ओरडली तर बरं. ओरडायला तिला दम पुरणार नाही, हे आत्ता लिहिताना सुचलं आणि पेन खाली ठेवावं लागलं. गप्प बसली तर मी काय करायचं, ते मला माहीत नाही. तिनं जा म्हटलं तर जाईन. दादाला सांगायचं की नाही, ते ती ठरवेल.

साडेतीन वाजलेत. आई विचारतेय, इतका घामाघूम का झालास, ताप आहे का? तिला म्हटलं, नाही. चप्पल घातली. हे पाकीट कोपऱ्यावरच्या पेटीत आधी टाकणार, म्हणजे तुला कळवलेलं असेल आणि मला परत फिरता येणार नाही.

शेवटचं बाहेर जिन्यात उभा राहून, भिंतीवर कागद टेकवून लिहितोय. आतून आई काहीतरी विचारत होती. येतो म्हणालो, आणि दार लावलं.